वाढीव घोड्यांना जामीन कोण?

बेळगावहून गोव्याला निघालेली गाडी गणेबैलचा टोलनाका ओलांडते, खानापूर मागे टाकते आणि गुंजीच्या आसपास झाडी दाट व्हायला लागते. पुढे लोंढा, रामनगर, अनमोडचा घाट आणि खाली मोले. गुंजी म्हणजे माउली देवीचं गाव आणि लोंढा-मिरज लोहमार्गावरचं एक लहानसं स्टेशन. जाणाऱ्याला थांबायला कारण नाही, म्हणून बहुतेक जण थांबत नाहीत. पण शनिवारी सकाळी इथे रस्त्याच्या कडेला उभं राहावं आणि डोळे मिटून नुसतं ऐकावं. गाड्यांमधल्या काही कारखान्यातून निघाल्या तशा नाहीत, हे आवाजावरूनच कळतं. एखादी पोलो गिअर बदलताना फटाका वाजवून जाते. एखादी थार वीतभर उंच झालेली असते, टायर मडगार्डच्या बाहेर आलेले. पाट्या एमएच-०९, केए-२२, मधूनच जीए. कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा, तिन्ही ठिकाणची हौस या एकाच रस्त्यावर एकत्र येते.

अमेरिकेत ज्याला ‘मसल कार’ म्हणतात तो प्रकार इथे क्वचितच दिसतो. आठ सिलिंडरचं थोराड इंजिन, मागच्या चाकांना ताकद, पुढे लांबलचक बॉनेट. फोर्डची मस्टँग २०१६ साली अधिकृतपणे भारतात आली, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन आणि चारशेच्या आसपास घोडे घेऊन. किंमत ६५ लाख. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डनेच भारतातल्या उत्पादनातून अंग काढून घेतलं. सीमाभागातला तरुण मस्टँगची चित्रं फोनवर पाहतो आणि हौस मात्र पोलो, ऑक्टाव्हिया, स्कॉर्पिओ, थार यांच्यावर भागवतो. गाडी कारखान्यात शंभर-सव्वाशे घोड्यांची असते. लॅपटॉप जोडून तिच्यात वीस-पंचवीस टक्के ताकद भरली जाते. मग कधीतरी क्लच जळतो, टर्बो जातो, क्वचित इंजिनच बसतं. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो मस्टँगवाल्याचा आणि पोलोवाल्याचा एकच: हे वाढीव घोडे जोडले तेव्हा त्यांना जामीन कोण राहिलं होतं?

गॅरेजात होणारं बोलणं ठरलेलं असतं.

“मामा, वॉरंटी जाईल काय की?”

“कंपनीला कळतंय कुठं रे? सर्व्हिसच्या आधी दोन दिवस घेऊन ये, जुनी फाईल परत टाकूया की.”

हे उत्तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. आता नाही. इंजिनाचा कारभार ज्या संगणकाकडे असतो त्या ईसीयूत किती इंधन, कधी ठिणगी, टर्बोचा किती दाब याचे तक्ते असतात. रीमॅप म्हणजे या तक्त्यांतले आकडे बदलणं. कंपनीने ते आकडे मुद्दाम हात राखून ठेवलेले असतात. राजस्थानातली उष्णता, कमी प्रतीचं पेट्रोल, घाटात चार माणसं आणि सामान घेऊन केलेली चढण, तेलबदलीला झालेला उशीर, प्रदूषणाचे नियम, या सगळ्यांतून गाडी काही वर्षं तक्रारीविना चालली पाहिजे. ही राखलेली शिल्लक ट्यूनर खर्चायला काढतो. चांगला ट्यूनर ती बेताने खर्चतो, वाईट ट्यूनर सगळी उधळतो. गाडी दोघांकडूनही पळतच बाहेर येते, म्हणून पहिल्या दिवशी फरक कळत नाही.

जुनी फाईल परत टाकली तरी अनेक ईसीयूंमध्ये आतली प्रणाली किती वेळा लिहिली गेली याची मोजणी राहते. फोक्सवॅगन-ऑडी समूहात तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचं यंत्र जोडलं, की ईसीयूमधल्या प्रणालीची मूळ प्रणालीशी तुलना होऊ शकते. फेरफार आढळला तर त्या गाडीच्या नावापुढे ‘टीडी१’ असा शेरा बसतो. हा शेरा जगभरच्या रीमॅपवाल्यांना ठाऊक आहे. तो एकदा बसला की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या दाव्याला कंपनीच्या दारात आडकाठी येते. ईसीयूला हात न लावता बाहेरून लावायची डबी असते, ती सर्व्हिसच्या आधी काढून ठेवता येते. पण बिघाड झाला त्या क्षणाचे दाबाचे आणि तापमानाचे आकडे गाडी स्वतःच नोंदवून ठेवते. कारखान्यात जेवढा दाब कधी येऊच शकत नाही तेवढा नोंदीत दिसला, की सर्व्हिस ॲडव्हायझर पुढचं काही विचारत नाही.

बाकीचा हिशेब साधा आहे. पोलो जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची सहनशक्ती २५० न्यूटन-मीटरची. गाडीचा मूळ टॉर्क १७५. रीमॅपनंतर तो २५० च्या उंबरठ्याशी जातो. आत कोरडे क्लच आहेत, त्यांना तेलाचा गारवा नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या सिग्नलला रखडत, मग अनमोडच्या वळणांवर खेचत ही गाडी चालली, तर आधी काय जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता दुसरी बाजू. कारखाना स्वतः घोडे वाढवतो तेव्हा काय करतो? याचं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं आहे, पुण्याजवळच्या रांजणगावात. फियाटचं १.४ लिटरचं टी-जेट इंजिन २०१० साली लिनियात आलं तेव्हा ११४ घोड्यांचं होतं. त्याच घराण्यातलं इंजिन २०१५ च्या ऑक्टोबरात अबार्थ पुंटोत १४५ घोड्यांचं होऊन आलं. किंमत दहा लाखांच्या आत. पण फियाटने केवळ आकडे वाढवले नाहीत. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, सस्पेन्शन खाली आणून कडक केलं गेलं. एकतीस घोडे वाढवले तर थांबण्याचीही सोय वाढवावी लागते, हा कारखान्याचा हिशेब. वर अबार्थचा विंचू गाडीवर बसला आणि शोरूममध्ये कंपनीच्या वॉरंटीचा कागदही मिळाला. ती गाडी फार खपली नाही. भारतीय गिऱ्हाईक ॲव्हरेज विचारतं, आणि पुंटो त्या प्रश्नावर नापास होती. जी खपली तिला मात्र आजही कोल्हापूर-पुण्यात हुडकत फिरणारे आहेत.

दुसरं उदाहरण अधिक नेमकं, कारण त्यात ट्यूनर आणि कारखाना यांनी लग्नच लावलं. टाटा मोटर्स आणि कोइम्बतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्ज यांनी २०१७ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी काढली. जयेमचा हात रेसिंगमध्ये घडलेला. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी बाजारात आल्या, ६.३९ आणि ७.४९ लाखांना. नेक्सॉनचं १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन ते ११४ घोड्यांचं केलं. नेक्सॉनमध्ये ते ११० घोड्यांचं होतं. टॉर्क मात्र नेक्सॉनच्या १७० वरून १५० वर उतरवला. ताकदवान गाडी विकायला निघालेली कंपनी टॉर्क कमी करते, हे वाचून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला त्यातच खरी गोष्ट दिसते. नेक्सॉनचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, या गाडीचा पाच गिअरचा. ज्याला उद्या वॉरंटीचा दावा भरायचा आहे तो गिअरबॉक्सला झेपेल तेवढंच वाढतो. लॅपटॉपवाल्याला तो दावा भरायचा नसतो. २०२० मध्ये टाटांनी जयेमचा हिस्सा विकत घेतला आणि जेटीपीच्या गाड्या बंद झाल्या.

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस याच जातीची. २०१७ मध्ये २३० घोड्यांची आरएस भारतात आली ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळवलेली. २०२० मध्ये २४५ घोड्यांची आली ती सरळ आयात आणि फक्त २०० नग. आरएसच्या मालकाला ‘वॉरंटी जाईल काय’ हा प्रश्न पडत नाही. त्याने घोडे कारखान्याकडूनच विकत घेतलेले असतात.

हा सगळा प्रवास अमेरिकेने आणि जर्मनीने आधी करून ठेवला आहे. १९६८ साली डॉजने डार्ट गाडीत हेमी इंजिन बसवून ड्रॅग रेसिंगसाठी थोड्या गाड्या विकल्या. त्यांवर चक्क लिहिलेलं असे, की ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही आणि आहे तशी विकली आहे. वॉरंटीचं नाव नाही. असा रोखठोकपणा आजच्या जाहिरातींत शोधून सापडणार नाही. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा शेव्हरोले विक्रेता डॉन येन्को कॅमॅरो गाड्यांतलं इंजिन काढून स्वतःच्या गॅरेजात ४२७ घनइंचाचं इंजिन बसवून विकत होता. जनरल मोटर्सने लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असं स्वतःवर बंधन घातलेलं होतं. १९६९ साठी येन्कोने वेगळी वाट काढली. ताफ्यांच्या खास मागण्यांसाठी ठेवलेली मध्यवर्ती कार्यालयाची ऑर्डर पद्धत वापरून त्याने तेच मोठं इंजिन कारखान्यातूनच बसवून घेतलं. इंजिन तेच, गाडी तीच, विक्रेताही तोच. बदलला तो नट आवळणारा हात, आणि त्यासोबत जबाबदारीही सरकली.

पुढे १९८७ ते १९९१ या काळात कॅलवे कंपनीची दोन टर्बोंची कॉर्व्हेट शेव्हरोलेच्या शोरूममध्ये ‘बी२के’ या ऑर्डर क्रमांकाने मागता येत असे. गाडी केंटकीतल्या कारखान्यातून कनेक्टिकटमधल्या कॅलवेच्या कार्यशाळेत जाऊन मग गिऱ्हाइकाकडे पोचायची. जर्मनीत एएमजी ही १९६७ साली सुरू झालेली बाहेरची कार्यशाळा होती. १९९० मध्ये मर्सिडीजने तिच्याशी करार केला आणि एएमजीच्या गाड्या मर्सिडीजच्या शोरूममध्ये विकल्या आणि दुरुस्त होऊ लागल्या. २००५ मध्ये ती पूर्णपणे मर्सिडीजची झाली. २०२० पासून एएमजी जीएलसी ४३ कूपे चाकणमध्ये जुळवली जाऊ लागली. गुंजीहून बेळगाव गाठायचं आणि निपाणी-कोल्हापूरवरून पुण्याकडे जाणारा महामार्ग धरायचा, की पुण्यापुढे चाकण येतं. एकेकाळच्या परक्या ट्यूनरची गाडी तिथे कंपनीच्या छपराखाली तयार झाली.

सुटे भाग आणि बाहेरची दुरुस्ती यांच्या बाबतीत अमेरिकेने १९७५ मध्ये मॅग्नसन-मॉस कायदा केला. आमच्याच कंपनीचा सुटा भाग वापरला नाही तर वॉरंटी रद्द, अशी अट घालता येत नाही. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. अमेरिकी ट्यूनर हा कायदा जपमाळेसारखा म्हणतात आणि त्यातला दुसरा अर्धा भाग गिळतात: बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर कंपनी सुटते. सुपरचार्जर बसवल्यावर पिस्टन फुटला, तर दाखवायला फारसं काही उरत नाही. म्हणूनच फोर्डने स्वतःच्या परफॉर्मन्स विभागाची काही किट्स ठरलेल्या तंत्रज्ञाकडून बसवली, तर तीन वर्षं किंवा ३६,००० मैल अशी वेगळी वॉरंटी देऊ केली. कागद विकत घेता येतो, फक्त तो कुणाच्या दुकानातून घ्यायचा हे कंपनी ठरवते.

भारतात या कायद्याच्या जवळ जाणारी गोष्ट घडली ती २५ ऑगस्ट २०१४ रोजी. भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजला देत नव्हत्या, आणि बाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द असं सांगून गिऱ्हाइकाला बांधून ठेवत होत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगाने सांगितलं. सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली. पण या आदेशाचा आधार घेणाऱ्याने एक भेद विसरू नये. खानापूरच्या मेकॅनिककडे ब्रेक पॅड बदलणं ही दुरुस्ती. टर्बोचा दाब वाढवणं हा फेरफार. आदेश पहिल्याच्या बाजूने बोलतो.

दुसऱ्याबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ काय म्हणतो? कलम ८४ उत्पादकावर चांगलंच कडक आहे. स्पष्ट दिलेल्या वॉरंटीप्रमाणे वस्तू निघाली नाही, तर आपण निष्काळजी नव्हतो हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. पण कलम ८७ म्हणतं, की नुकसान झालं त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. शोरूममधल्या माणसानेच ‘लावा साहेब, काय होत नाही’ म्हटलेलं असेल तर?

त्याचं उत्तर गोव्यातल्या एका खटल्यात सापडतं. विक्रेत्याने २००९ सालची गाडी २०११ ची म्हणून गळ्यात मारली अशी तिथल्या ग्राहकाची तक्रार होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं. कंपनी आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र व्यापारी. विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झालं नाही, तर कंपनी जबाबदार नाही. सेल्समनच्या तोंडी भरवशाची किंमत यावरून ज्याची त्याने काढावी. २००६ च्या मारुतीच्या एका खटल्यात तर न्यायालयाने त्याआधीच सांगितलं होतं, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, गाडीच बदलून देण्याची नव्हे.

वॉरंटीपेक्षा मोठी अडचण मोटार वाहन कायद्यात आहे, आणि गॅरेजात तिचं नाव कुणी काढत नाही. कलम ५२ म्हणतं, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं: परवानगीबाहेरच्या फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गुंजीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका सजवलेल्या थारचे बदल मोजत बसलं, तर बोटं अपुरी पडतील.

विम्याचं त्याहून वाईट. सीएनजी किट बसवलं तर किटच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता, असा दर विमा दरपत्रकातच ठरवून दिलेला होता, म्हणून ते कळवलं जायचं. रीमॅपला असा दर नाही, म्हणून तो कुणी कळवत नाही. अपघातानंतर सर्व्हेअरने गाडी उघडली की लपवलेली गोष्ट म्हणून तीच पुढे येते. वॉरंटी गेली तर गिअरबॉक्सचे पैसे जातात. विमा नाकारला गेला तर घर-जमिनीवर येतं.

सीमाभागात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. कर्नाटकचा आजीवन कर देशातल्या सर्वांत जड करांपैकी एक. वीस लाखांवरच्या गाडीला तो १८ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे कोल्हापुरात नातेवाईक असलेला माणूस गाडी तिकडे घेतो आणि एमएच-०९ ची पाटी लावून निपाणीच्या अलीकडे फिरतो. दुसऱ्या राज्यात वर्षाहून अधिक गाडी राहिली तर नवी नोंदणी घ्यावी लागते. ती घ्यायला गेला की केए-२२ च्या कार्यालयात गाडी नोंदणी पुस्तकाशी पडताळली जाते आणि नको ते दिसतं. एका बाबतीत मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सीमेवरच्या माणसाची सोय केली आहे. गाडी कोल्हापुरात घेतली, कंपनी मुंबईत असली, तरी गुंजीत राहणाऱ्याला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असला की जिल्हा आयोग पुरतो. तपासणीशिवाय ठरत नसलेला दोष आयोग प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिथे ईसीयूही उघडला जाऊ शकतो, हे लक्षात ठेवूनच तक्रार लिहावी.

हे सगळं लिहिताना मला बेळगावचं उद्यमबाग सारखं आठवत राहतं. ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्स यांत या गावाने नाव काढलं आहे. इथल्या फाउंड्रीतून निघालेल्या ओतीव भागावर हीट नंबर असतो. कुठल्या दिवशीच्या, कुठल्या भट्टीच्या रसातून तो ओतला हे त्यावरून मागे जाऊन शोधता येतं. मोजमापांचे तक्ते, ड्रॉइंगची आवृत्ती, तपासणाऱ्याची सही, सगळं फाईलला. कौशल्यात इथला कारागीर कुणाच्या मागे नाही. पण त्याच कौशल्याने कुणा मित्राच्या गाडीसाठी एखादा ब्रॅकेट किंवा एक्झॉस्टचा फ्लँज करून दिला, तर त्याला ना ड्रॉइंग असतं, ना नंबर, ना सही. तो भाग कंपनीच्या भागापेक्षा मजबूत असेलही. वॉरंटी त्याला ओळखत नाही, कारण तिचं सगळं लक्ष फाईलकडे असतं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि अटळही.

पोलोचं उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबलं. रस्त्यावर उरलेल्या बहुतेक रीमॅप पोलो आता मूळ वॉरंटीबाहेर गेल्या आहेत. ‘जाईल काय की’ हा त्यांचा प्रश्न परस्पर निकालात निघाला. नवी गाडी विकत घेणाऱ्याचा प्रश्नही बदलतो आहे. महिंद्राची चाकणमध्ये बनणारी बीई ६ ही इलेक्ट्रिक गाडी मोठ्या बॅटरीसह २१० किलोवॅटची, म्हणजे २८० हून अधिक घोड्यांची आहे. कुठल्याही लॅपटॉपवाल्याने पोलोतून एवढे काढून दाखवावेत. वर, खासगी नोंदणीच्या पहिल्या मालकाला बॅटरीवर आजीवन वॉरंटी. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती पहिल्या दिवसापासून मोजून १० वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर यांवर उतरते. कोल्हापूरच्या पहिल्या मालकाकडून खानापूर तालुक्यात जुनी गाडी आणणाऱ्या गिऱ्हाइकाने ॲव्हरेज आणि टायर विचारायच्या आधी हे कलम वाचायला हवं.